सुटीतील ग्रंथपेटी : निवडीचा एक विचार

१

वार्षिक परीक्षा संपत आली, की शाळेत एक प्रश्न दर वर्षी नेमाने विचारला जातो : "सर, सुटीत मुलाने काय वाचावे?" विचारणारे बहुधा पालक असतात, क्वचित एखादा विद्यार्थीही असतो. ह्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी कित्येक वर्षे एक यादी देत आलो. तिच्यात पंधरा पुस्तके असत. थोरांची चरित्रे, ऐतिहासिक कादंबऱ्या, संस्कारकथा, एखादे प्रवासवर्णन असा तिचा थाट असे. त्यांतील एकही पुस्तक टाकाऊ नव्हते. आणि यादी निर्दोष आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत नववीतील एका मुलीने मोडली. सुटी संपल्यावर ती म्हणाली, "सर, तुमच्या यादीतली चार पुस्तके वाचली. चांगली आहेत. पण चारही पुस्तकांतून एकच माणूस बोलतो आहे असे वाटले."

तिचे हे बोलणे मला प्रथम उद्धटपणाचे वाटले. घरी जाऊन ती चार पुस्तके पुन्हा चाळली, तेव्हा ते खरे आहे असे दिसून आले. लेखक चार होते, विषय चार होते, काळही चार होते. परंतु वाक्यांची ठेवण, विशेषणांचा भार, वाचकाला उच्चासनावरून उद्देशून बोलण्याची लकब, ही सर्व एकाच घरातली होती. मी विषय बदलले होते, आवाज बदलला नव्हता. वाचनातील वैविध्य म्हणजे काय, ह्याचा विचार त्या दिवसापासून मला नव्याने करावा लागला. त्या विचाराचे फलित येथे मांडीत आहे.

हा प्रश्न केवळ शाळकरी नाही, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना तर तो विशेष निकडीचा आहे. पुण्यातील मुलाच्या कानांवर मराठी रस्त्यावर पडते, भाजीबाजारात पडते, दुकानाच्या पाटीवरून डोळ्यांत शिरते. वडोदरे, इंदूर, बेळगाव वा हैदराबाद येथील मुलाचे तसे नाही. शाळेचे माध्यम बहुधा इंग्रजी असते, आणि खेळाची भाषा गुजराती, हिंदी, कन्नड वा तेलुगू असते. घरातील मराठी हळूहळू आज्ञार्थात आटोपते : उठ, जेव, अभ्यास कर, दिवा मालव. ह्यापलीकडची मराठी त्याला भेटावयाची ती पुस्तकातच. आणि पुस्तकाला निवांत वेळ मिळावयाचा तो सुटीतच. अशा मुलाच्या हाती सुटीत आपण जे देतो, तेवढीच त्याच्या लेखी मराठी असते. ती एकसुरी असली, तर आपली भाषाच एकसुरी आहे अशी त्याची समजूत होते. आणि पुढे तो तिच्याकडे पाठ फिरवितो, तेव्हा दोष त्याचा नसतो.

२

सुटीतील वाचनासंबंधी दोन समज रूढ आहेत. पहिला असा, की सुटीत हलकेफुलके वाचावे. वर्षभर मेंदू शिणलेला असतो, त्याला विसावा हवा. दुसरा ह्याच्या उलट : वर्षभरात राहून गेलेले 'चांगले' वाचन सुटीत उरकून घ्यावे. पहिल्या समजात पुस्तक म्हणजे सरबत, दुसऱ्यात काढा. दोन्ही समज सुटीच्या खऱ्या गुणाकडे डोळेझाक करतात. सुटीचा खरा गुण असा, की तीत अखंड वेळ मिळतो. आमच्याकडे उन्हाळ्याची सुटी सुमारे पाच आठवड्यांची असते. वर्षभरात तासिकेतासिकेने चिरलेला दिवस ह्या पाच आठवड्यांत सलग होतो. दुपारी बाहेर ऊन रणरणत असते, कोणी कोणाकडे जात नाही, आणि चार तास एकाच पुस्तकाबरोबर बसता येते. म्हणून सुटीसाठी पुस्तक निवडताना ते हलके की जड हा प्रश्न गौण आहे. ह्या सलग वेळेचे ते काय करील, हे पाहिले पाहिजे. काही पुस्तके एका बैठकीत वाचली तरच उमलतात. काही रोज थोडी थोडी, पण रोजच वाचावी लागतात. काही मोठ्याने वाचावी लागतात आणि त्यांना ऐकणारे चौघे लागतात. ह्या तिन्ही चाली ज्या निवडीत आहेत, तिला मी विविध म्हणेन.

येथे वडोदऱ्यातील एका जुन्या व्यवस्थेची आठवण होते. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास वडोदऱ्यास आणून राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. त्यात फिरत्या ग्रंथालयांची एक शाखा होती. ज्या गावी ग्रंथालय नाही, तेथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जाई. काही काळ तेथे राही. मग परत येई आणि दुसरी पेटी जाई. ह्या योजनेतील मला आवडणारी गोष्ट म्हणजे ती पेटी. यादी लांबविता येते, पेटी लांबविता येत नाही. पेटीत जागा मोजकी, म्हणून प्रत्येक पुस्तकाला आपली जागा कमवावी लागते. आणि शेजारच्या पुस्तकासारखेच बोलणाऱ्या पुस्तकाला ती मिळण्याचे कारण उरत नाही.

म्हणून मी यादी करणे सोडले आणि पेटी भरावयास घेतली. ती भरताना एक साधा नियम ठेवला : पुस्तके जोडीने घ्यावयाची, आणि जोडीतील दोन पुस्तके एकमेकांशी बोलतील, प्रसंगी वाद घालतील, अशी घ्यावयाची. एकेकट्या पुस्तकाचा गुण पुष्कळदा शेजाऱ्यामुळेच उठून दिसतो.

३

पहिली जोडी लेखक नसलेल्या दोघा लेखकांची. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण असे नव्हतेच. आणि गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. दोघांनीही 'साहित्य' लिहावयाचे म्हणून लेखणी उचलली नाही. घडले ते सांगितले.

लक्ष्मीबाईंच्या गद्याची थोरवी आपण नेहमी त्यांच्या विनोदात पाहतो. मला ती त्यांच्या वाक्याच्या आखूडपणात अधिक दिसते. वडिलांचे सोवळ्याचे वेड असो, नवऱ्याचा तापट आणि उदार स्वभाव असो, १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर वाट्यास आलेली ताटातूट असो. बाई एका वाक्यात प्रसंग उभा करतात आणि दुसऱ्या वाक्यात पुढे जातात. स्वतःची कीव करावयास त्या थांबत नाहीत. म्हणून ती आपल्याला येते. ह्या पुस्तकाची संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे, आणि शाळांतून तीच पुष्कळदा दिली जाते. सुटीत तरी ती देऊ नये असे मला वाटते. बाईंच्या मनातील जातिभेदाची गाठ एका दिवसात सुटली नाही. पाने उलटत जातात तशी ती सैल होत जाते. संक्षेपात परिणाम उरतो, पण ही सैल होण्याची क्रिया गळते. सलग वेळ हाती असताना ती का गाळावी?

गोडसेभटजींचे प्रकरण निराळे. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, ह्या आशेने हा मनुष्य १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. महू, उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी ही गावे इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना रोजच्या ओळखीची. गोडसेभटजींच्या पायांखालून ती पुन्हा पाहावीत. झाशी पडली तेव्हा ते गावातच होते. इतिहासकार जेथे सैन्याची हालचाल सांगतो, तेथे हे आपल्याला भूक, तहान आणि लपावयाची जागा सांगतात. इतके सोसूनही गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईस पोहोचले. वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वैद्यांनी मूळ लेखनात बराच फेरफार केला होता. मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली काढली. विद्यार्थ्याने वैद्यांची प्रत घ्यावी, ती सुगम आहे. प्रौढ वाचकाने पोतदारांची घ्यावी, कारण भटजींची खरी बोली तीत आहे.

ही जोडी का? एक बाई घरात राहून सारा समाज ओलांडते. एक पुरुष निम्मा हिंदुस्थान ओलांडतो आणि आपल्या आचारविचारांसह जसाच्या तसा घरी परत येतो. प्रवास कोणी अधिक केला, हा प्रश्न मुलांना विचारून पाहावा. उत्तरे फार भिन्न येतात.

दुसरी जोडी शाळेची आहे, आणि ती निवडताना मला स्वतःला थोडे अवघड गेले. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे. 'बनगरवाडी' माझ्या जुन्या यादीत होती, 'उपरा' नव्हते. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर जातो, लोकांचा विश्वास संपादन करतो, त्यांच्याकडून तालीम बांधून घेतो. आणि शेवटी दुष्काळ येऊन वाडी रिकामी होते. माडगूळकर मास्तरला उद्धारक होऊ देत नाहीत, हा ह्या कादंबरीचा मोठा संयम. मास्तरने बांधलेले उरते आणि ज्यांच्यासाठी बांधले ती माणसे निघून जातात. कादंबरी लहान आहे. एका दुपारी संपते, आणि ती एका दुपारीच संपवावी. उजाड माळाचे तिचे चित्र तुकड्यातुकड्याने पाहिल्यास विरते.

परंतु 'बनगरवाडी'तील शाळा मास्तरच्या खुर्चीवरून पाहिलेली आहे. 'उपरा'तील शाळा दाराबाहेरून पाहिलेली आहे. कैकाडी समाजात जन्मलेला मुलगा, टोपल्या विणून पोट भरणारे आईबाप, गाढवांच्या पाठीवर लादलेले बिऱ्हाड, आणि ह्या सगळ्यातून मुलगा शिकला पाहिजे असा बापाचा हट्ट. ह्या पुस्तकातील मराठी माझ्या कानाला प्रथम टोचली. तीत कैकाडी बोलीतले शब्द येतात, शिव्या येतात, आणि शिष्ट वाक्यरचनेची ती पर्वा करीत नाही. १९८१ साली साहित्य अकादेमीने ह्या पुस्तकाला पुरस्कार दिला, तरीही मी ते मुलांच्या यादीत घातले नाही. 'भाषा योग्य नाही' असे कारण मी स्वतःशी सांगत असे. आज वाटते, की खरे कारण निराळे होते. त्या पुस्तकातील शाळेत मला माझी खुर्ची दिसली. पुस्तक अकरावी-बारावीच्या आणि त्यापुढच्या वाचकांसाठी आहे, हे खरे. पण पालकांनी आणि शिक्षकांनी ते आधी वाचावे. 'बनगरवाडी'ने शिक्षकाला जे समाधान दिलेले असते, त्याची 'उपरा' झडती घेते. आणि झडती घेऊनही 'बनगरवाडी' उणी ठरत नाही. उलट तिच्या शेवटातील रितेपणाचा अर्थ अधिक कळतो.

४

तिसरी जोडी पाहण्याची. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) आणि जयंत नारळीकर यांचे 'आकाशाशी जडले नाते'. दुर्गाबाईंचा जन्म इंदूरचा, हे आपल्या वाचकांनी अभिमानाने नव्हे तरी आपुलकीने लक्षात ठेवावे. बारा महिन्यांवर बारा लेख अशी 'ऋतुचक्रा'ची साधी मांडणी आहे. परंतु ते सृष्टिवर्णनाचे हळवे पुस्तक नाही. झाडाची पालवी, त्याची लोककथा, संस्कृत काव्यातील त्याचा उल्लेख आणि डोळ्यांनी घेतलेली नोंद ही सारी एका परिच्छेदात एकत्र येतात. त्यामुळे गद्य दाट होते. कादंबरीच्या वेगाने वाचणारा तिसाव्या पानावर थकतो आणि पुस्तक 'कंटाळवाणे' ठरवितो. दोष चालीचा असतो. सुटीत चैत्र आणि वैशाख एवढेच वाचावेत, आणि पुढचा प्रत्येक महिना त्या त्या महिन्यात. सुटीत सुरू झालेले पुस्तक वर्षभर सोबत करील.

ह्या पुस्तकाचा आपल्याकडे आणखी एक उपयोग आहे. वैशाखात पिवळ्या घोसांनी लवणारे झाड आमच्या मुलांना 'गरमाळो' म्हणून ठाऊक असते, इंदूरच्या मुलांना 'अमलतास' म्हणून. ती नावे सुंदर आहेत, ती त्यांनी विसरू नयेत. पण 'बहावा' हा शब्द त्यांच्याजवळ नसतो. झाड दारात असते आणि नाव हरवलेले असते. दुर्गाबाई वाचणाऱ्याला आपल्या दारातील झाडाचे नाव विचारावेसे वाटू लागते. ते आजी-आजोबांना विचारावे लागते. आणि अशा रीतीने घरातील मराठी आज्ञार्थातून बाहेर पडते.

नारळीकरांचे पुस्तक गच्चीसाठी आहे. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर अंथरूण टाकणारी घरे आमच्याकडे अजून आहेत. शास्त्रीय मराठी अवघड आणि कृत्रिम असते, असा आक्षेप आपण नेहमी ऐकतो. २०२५ साली दिवंगत झालेल्या ह्या शास्त्रज्ञाचे गद्य त्या आक्षेपाला शांतपणे उत्तर देते. 'दीर्घिका', 'कृष्णविवर' हे शब्द नारळीकर बिचकत वापरीत नाहीत, त्यांचे अवडंबरही माजवीत नाहीत. आधी गोष्ट समजावून देतात. मग शब्द त्या गोष्टीचे नाव म्हणून सहज बसतो. अलंकार जवळजवळ नाहीत. दुर्गाबाईंच्या दाट गद्यानंतर हे निर्मळ, पाण्यासारखे गद्य वाचले, की मराठीला दोन्ही साधते हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही.

चौथी जोडी हसण्याची आणि रडण्याची. चिं. वि. जोशी हे वडोदऱ्याच्या महाविद्यालयात पाली भाषेचे अध्यापक होते. बौद्ध वाङ्मयाचा हा अभ्यासक चिमणराव आणि गुंड्याभाऊ ह्या दोन असामी मराठीला देऊन गेला. त्या कथांतील काही विनोद आता जुना झाला आहे, हे मान्य करावयास हवे. काही प्रसंगांचा सामाजिक संदर्भ आजच्या मुलाला समजावून द्यावा लागतो. तथापि ह्या विनोदाचा मूळ धर्म टिकून आहे. चिमणराव फजीत होतो, पण लेखक त्याला तुच्छ लेखीत नाही. भित्रेपणा, बढाई, काटकसर, नातेवाइकांचा उपद्रव हे सारे लेखकाच्या स्वतःच्या घरातलेच असावे, अशा मायेने लिहिले आहे. ही पुस्तके मनातल्या मनात वाचू नयेत. रात्रीची जेवणे झाल्यावर एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. ज्या मुलाला मराठी वाचावयास वेळ लागतो, त्यालाही ह्या बैठकीत मानाची जागा असते.

तिच्या शेजारी 'पाडस' ठेवावे. मार्जोरी रॉलिंग्ज ह्या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९३८ ची. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली. फ्लॉरिडातील रानात राहणारे गरीब कुटुंब, एकुलता मुलगा ज्योडी, त्याने पाळलेले हरणाचे पाडस. आणि पाडस मोठे होऊन घरचे मक्याचे पीक खाऊ लागल्यावर उभा राहणारा प्रश्न. शेवट येथे सांगत नाही. एवढेच सांगतो, की आपल्या बालवाङ्मयात प्राण्यावरील प्रेम आणि घरची भूक ह्यांचा असा आमनेसामना क्वचितच होऊ दिला जातो. आपण मध्ये पडून मुलाचे रडणे वाचवितो. ही लेखिका ते वाचवीत नाही, आणि अनुवादकही मऊ करीत नाही. भाषांतर आहे ह्याची आठवण राहू नये इतके ते मराठी झाले आहे. आणि तरीही त्यातील रान आपले होत नाही, ते परकेच राहते. अनुवादाची खरी कसोटी ह्या दोन गोष्टी एकत्र साधण्यात आहे.

पाचवी जोडी कवितेची : भा. रा. तांबे (१८७३–१९४१) आणि बा. भ. बोरकर. तांब्यांचे आयुष्य माळव्यात आणि ग्वाल्हेरीत गेले. बोरकर गोव्यातील बोरीचे. तांब्यांच्या गीतमय कवितेचा वारसा बोरकरांकडे आला, हे समीक्षकांनी पुष्कळदा सांगितले आहे. पण त्यातील एका गोष्टीकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. मराठी गीताची ही वाट ग्वाल्हेरहून निघून गोव्यास पोहोचली. तिचा उगम आणि विसावा दोन्ही पुण्यामुंबईच्या बाहेर आहेत. आपण 'बाहेरचे' मराठी लोक भाषेचे केवळ राखणदार आहोत, अशी एक नम्र समजूत आपल्यात रुजलेली आहे. ही दोन पुस्तके ती दुरुस्त करतात. कविता वाचून 'संपवू' नये. सकाळी एक वाचावी, आणि दिवसभर ती मनात वाजते काय ते पाहावे. न वाजल्यास उद्या दुसरी.

५

ह्या पेटीवर दोन आक्षेप येतील, ते आधीच विचारात घेतो.

पहिला : लोकप्रिय ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्या कोठे आहेत? 'स्वामी' (१९६२) आणि 'मृत्युंजय' (१९६७) ह्यांच्यामुळे हजारो मराठी माणसे वाचनाकडे वळली, त्यांत मीही होतो. त्या पुस्तकांविषयी माझी कृतज्ञता कमी झालेली नाही. परंतु त्या प्रकारच्या भारदस्त, अलंकृत संवादशैलीची पुस्तके सुटीच्या निवडीत एकामागून एक येऊ लागली, की मराठी माणूस सदैव दरबारी पोशाखातच बोलतो असे मुलाला वाटू लागते. आणि आपल्या आजीची मराठी त्याला 'अशुद्ध' वाटते. माझ्या विद्यार्थिनीला जो 'एकच माणूस' ऐकू आला, तो हाच होता. पेटीत त्यांपैकी एक पुस्तक जरूर घालावे. मात्र त्याच्या शेजारी लक्ष्मीबाई असाव्यात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाचन आनंदासाठी असते; मग निवड मुलांवर सोपवावी, मुख्याध्यापकाने मध्ये का पडावे? ह्यात तथ्य आहे. सक्तीने वाचलेले पुस्तक मनात मुरत नाही, हे मी माझ्या याद्यांचे भवितव्य पाहून शिकलो आहे. परंतु निवडीचे स्वातंत्र्य निवडावयास काही असेल तेव्हाच खरे. ज्या गावी मराठी पुस्तकांचे दुकान नाही, वा असल्यास एका फळीपुरते आहे, तेथील मुलाला 'तुला हवे ते वाच' असे सांगणे म्हणजे रिकाम्या पानावर 'हवे ते जेव' म्हणण्यासारखे आहे. पेटी भरून त्याच्यासमोर उघडी ठेवणे हे आपले काम. तीतून काय उचलावे, कोठे सोडून द्यावे, हे त्याचे काम. दहांपैकी सात पुस्तके त्याने चाळून परत ठेवली तरी हरकत नाही. पेटीत दहा आवाज होते, हे तर त्याला कळले.

म्हणून आता मी पेटीत एक जागा मुद्दाम रिकामी ठेवतो. सुटी संपताना विद्यार्थ्याने स्वतः शोधलेले, पेटीत नसलेले एक मराठी पुस्तक त्या जागी आणून ठेवावे आणि दोन शब्दांत कारण सांगावे, एवढीच अट असते. गेल्या सुटीनंतर त्या जागी एका मुलाने जी. ए. कुलकर्णी यांची 'बखर बिम्माची' आणून ठेवली. काजळी रंगाच्या कथांसाठी ओळखल्या जाणाऱ्या, बेळगाव-धारवाडकडील ह्या लेखकाने लहान मुलांसाठी असे प्रसन्न पुस्तक लिहिले आहे, हे त्या मुलाच्या वडिलांनाही ठाऊक नव्हते. मी कारण विचारले. तो म्हणाला, "पेटीत असे बोलणारे कोणी नव्हते."

ह्याहून चांगली कसोटी मला अद्याप सापडलेली नाही. नववीतील त्या मुलीने जो दोष दाखविला, त्याचीच ही दुसरी बाजू. सुटीसाठी पुस्तके निवडताना आपण विषय मोजतो, लेखकांची कीर्ती मोजतो, पाने मोजतो. आवाज किती, हे मोजावयाचे राहून जाते. येत्या सुटीत प्रत्येक घराने आपली लहानशी पेटी भरावी. ती दहा पुस्तकांची नसली तरी चालेल, चार असोत. मात्र चारांतून चौघे बोलावेत.